पराते काकांची चौसष्ट चित्रं

९ जानेवारी. दुकानातला फ्रीझर आज बंद करून पुसायला काढला. थंडीत कुल्फी कोणी घेत नाही आणि आत चार बोटं बर्फ धरला होता. प्रताप नगरात माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. उन्हाळ्यात जोडीला कुल्फी आणि थंड पाणी. बर्फ सुटला तसा तळाशी स्टीलचा चौकोनी डबा दिसला. तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला, वर माझ्या अक्षरात चिठ्ठी : ‘उघडू नये.’

डबा पराते काकांचा. ऑक्टोबरपासून तिथे आहे. काका डिसेंबरात गेले. डबा मी घरच्या फ्रीजमध्ये वरच्या कप्प्यात हलवला. दुकानातला उरलेला बर्फ वितळेपर्यंत बादलीजवळ बसून राहण्याशिवाय काम नाही, म्हणून हे लिहिते आहे.

काका आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे उमरेडचे, घरी हातमाग. तिशीपर्यंत ते स्वतः मागावर बसले. मग माग मोडला आणि ते नागपुरात एका दुकानात कापड मोजायला लागले. तरुणपणी विणलेल्या साड्या व्यापाऱ्याकडे पोचवायला दर शनिवारी नागपूरला येत, आणि परतीच्या बसआधी एक च्युइंगम घेत. च्युइंगम बसमध्ये शेजारी बसलेल्याला देत. त्यांना हवं असायचं ते पुडीतलं चित्र. पत्त्याएवढं, समोर क्रिकेटच्या खेळाडूचा फोटो, मागे नंबर आणि चार ओळी माहिती. अशी एकूण चौसष्ट चित्रं होती. ती कंपनी केव्हाच बंद पडली. काकांनी चौसष्टच्या चौसष्ट जमवली. त्यात उभा जन्म गेला.

क्रिकेटची त्यांना आवड नव्हती. एकदा मी दुकानात मॅच लावली होती, तर म्हणाले, “बंद कर वं ताई. यात माणसं हलून राहिली. चेहरा पाहू देत नाहीत.”

पूर्ण बाह्यांचा पांढरा शर्ट, मनगटापर्यंत गुंड्या लावलेल्या. चित्राला हात लावायच्या आधी हात धुवायचे, पुसायचे, आणि मग पाच मिनिटं हवेत धरून बसायचे. ओलावा कातडीत राहतो म्हणे. खिशात पितळी घडीचं भिंग. कापडात एका इंचात किती सूत बसलं हे मोजायचं ते भिंग. माग गेला, भिंग राहिलं. करदोड्याला एक किल्ली. ती ज्या कपाटाची होती त्यात अल्बम असायचा.

गेल्या काही वर्षांत ही जुनी चित्रं शोधणारे लोक निघाले. चाळिशी-पन्नाशीचे, नोकरीत स्थिरावलेले, लहानपणी हरवलेलं परत विकत घ्यायला निघालेले. चित्रं ठेवायची प्लास्टिकची पाकिटं माझ्याकडे मिळतात, म्हणून ते माझ्याकडे येत, आणि मी त्यांना काकांकडे पाठवत असे. पुढे काकाच रविवारी अकरा ते एक माझ्या काउंटरजवळच्या स्टुलावर बसायला लागले.

“पहिले यादी करा साहेब. एक ते चौसष्ट. यादी नसली तर तुमी जमवून नाही राहिले, नुसतं उचलून राहिले.”

“मोठ्या नावाच्या मांगं लागू नका. मोठं नाव सगळ्यायनं जपून ठेवलं, ते भेटनच. जे राखीव होते, कोणाले आठवत नाहीत, त्यायले लोकायनं फेकून देल्लं. पहिले त्यायले शोधा.”

“सगळी एका दर्जाची ठेवा. एक कोरं करकरीत अन् बाजूले एक फाटकं, असं नको. साडीत एक धागा जाडा आला तर सारी साडी वाया जाते.”

आणि सर्वांत जास्त वेळा : “चेहऱ्याले भुलू नका. पाठ पाहा. जे काही केल्लं असते ते पाठीवर केल्लं असते.”

रेल्वेतले एक साहेब एकदा फार खुशीत आले. संचातला सगळ्यात मोठा फलंदाज त्यांना मिळाला होता. काकांनी हात पुढे केला नाही.

“लॅमिनेशन कोणं केल्लं?”

“इथेच केलं काका. ताईंकडे.”

दुकानातले सगळे माझ्याकडे पाहू लागले. काका साहेबांना म्हणाले, “आता हे चित्र नाही राहिलं जी. आता याचं आधार कार्ड झालं. खिशात ठेवा, पोलिसानं विचारलं तर दाखवा.” त्या दिवसापासून लॅमिनेशनला आलेल्या प्रत्येक जुन्या कागदाबद्दल मी आधी विचारते.

आणखी एकदा मीनल आली. ही बँकेत आहे, सुभाष नगराकडे राहते, सगळ्या नवशिक्यांत चिकाटीची. तिने फोनवर फोटो पाहून एक चित्र मागवलं होतं. काकांनी ते उलटवलं, नाकाशी नेलं, मग भिंग लावलं आणि भिंग तिच्या हातात दिलं.

“ठिपके पाह्य. जुन्या छपाईत ठिपके रांगेत बसते, मागावरच्या सुतासारखे. हे कसे आहेत?”

“शिंपडल्यासारखे.”

“हे घरच्या प्रिंटरनं काढलं.”

“किती जुनं असेल, काका?”

“तुह्या पायातल्या चपलेहून नवं.”

मीनल हसली, पण कानशिलं लाल झाली होती. काकांनी मग पिशवीतून दहा चित्रं काढून तिला दिली. दुबार आलेली, साधी, कोणाला फारशी नको असलेली. शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला ते अशी दहा देत. दाम घेत नसत. फक्त वहीत नाव लिहीत आणि कोणती दहा दिली त्यांचे नंबर. “उद्या कोणाले काही विचारायचं पडलं तर माहीत पाहिजे, कोणाकडं काय आहे.”

ही पद्धत किती कामाची होती ते मला फार उशिरा कळलं.

एकोणतीस नंबरचं चित्र त्यांना सर्वांत शेवटी मिळालं. कोणी एक राखीव यष्टिरक्षक. खाप्याला एका म्हातारबाईंकडे आहे असं कळलं, आणि काकांना स्कूटर चालवता येत नव्हती, म्हणून मी नेलं. सावनेर रस्त्याने गेलो. बाईंनी लोखंडी पेटी उघडली. झाकणाच्या आतून चित्र चिकटवलेलं होतं, भावाने लहानपणी लावलेलं. बाई म्हणाल्या, “काढून घ्या की, मले काय करायचं त्याचं.”

काका झाकणापुढे उकिडवे बसले. बोट जवळ नेलं आणि मागे घेतलं. “निघन. पण पाठ जाईन.” आणि उठले. मी त्यांना म्हटलं, एवढं आलो आहोत तर निदान प्रयत्न करा. “नाही वं ताई. चिकटलं ते चिकटलं. दुरुस्तीच्या नादाले लागलं का चित्र मरते.”

आम्ही चपला घालत असताना बाईंना आठवलं. त्यांनी पोथीतून दुसरं एकोणतीस काढून आणलं, खूण म्हणून ठेवलेलं. न चिकटवलेलं, पूर्ण, पण धुऊन धुऊन विरलेल्या धोतरासारखं मऊ पडलेलं. काकांनी ते दोन्ही तळव्यांवर घेतलं. परत येताना नदीचा पूल लागला तेव्हा म्हणाले, “ताई, हळू.” एवढंच.

घरी पोचल्यावर मला चहाला थांबवलं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, आत भात लावत होत्या. काकांनी भाताची पेज मागून घेतली, गाळली, बोटाने चोळून पाहिली, आणि जुन्या मऊ कुंचल्याने एकोणतीसच्या पाठीवर पातळ थर दिला. मग टीपकागदात ठेवून वर लोखंडी पाट ठेवला. सुताला खळ द्यायचे तशीच.

मी म्हटलं, “काका, ही दुरुस्ती नाही का?”

त्यांना खरंच नवल वाटलं. “खळ म्हणजे दुरुस्ती काहून होईन? खळ म्हणजे जेवण. सुताले जेवण देल्ल्याबिगर ते मागावर उभं राहत नाही. मऊ पडलेलं सगळं मी असंच उभं केल्लं. हे ऐक.” त्यांनी एक जुनं, दुबार आलेलं, खळ दिलेलं चित्र माझ्या कानाशी नेऊन बोटाने टिचकलं. कड् असा कोरडा आवाज आला. “कोऱ्यासारखं बोलते की नाही?” मग म्हणाले, “हे ठेव तुले. सात नंबर. खाप्याले नेल्लं त्याचं.” मला चित्रांचं काही नव्हतं, पण नाही म्हणवेना. घरी आल्यावर ते चुरगळू नये म्हणून सपाट जागी ठेवून दिलं आणि विसरले.

काका एक गोष्ट विसरले होते. मागावरचं कापड आठवड्यात घरातून जातं. पहिल्या धुण्यात खळ निघते. चित्रं घरातच राहतात, वर्षानुवर्षं, अंधारात, बंद कपाटात. आणि काकांचा नियम होता की मृग लागला की अल्बम बंद. ओल आत जाऊ द्यायची नाही, दसऱ्यालाच उघडायचा. वर्षातले चार महिने त्या कपाटात काय चालतं ते कोणी पाहत नव्हतं. शेवटची दोन वर्षं तर उघडल्यावरही दिसत नव्हतं. काकांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ते अल्बम चाचपून बंद करत आणि म्हणत, “आहेत सगळे.”

गेल्या जुलैत मीनल दुकानात आली ती चिडलेली. “ताई, तुमची पाकिटं खराब आहेत. याचं नाक गेलं बघा.”

चित्रातल्या माणसाच्या नाकाच्या जागी पांढरा खरबरीत चट्टा होता. फाटलेला नव्हता, कोणी हळूहळू चाटून घेतल्यासारखा. पाकिटाच्या तळाशी बारीक भुकटी. मी चित्र उलटवलं. पाठीवरचा नंबर राहिला नव्हता. पाकिटाच्या शिवणीतून रुपेरी काहीतरी सळकन निघालं आणि काउंटरच्या फटीत गेलं.

कसर. माझा कागदाचाच धंदा आहे, मी ओळखते.

“हे काकांनी दिलेलं?”

“हो. दहातलं. पण आता माझ्या बाकीच्यांनाही लागलंय. ताई, काय असेल?”

मी तिला सगळी पाकिटं पिशवीत बंद करून फ्रीझरात ठेवायला सांगितलं. रव्यात किडे होऊ नयेत म्हणून मी रवा तसाच ठेवते. मग दुकान शेजारणीवर सोपवून काकांकडे गेले.

ते ओट्यावर बसले होते. मी आडवळण न घेता सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि हसले.

“माह्या घरी कसर? तुह्या दुकानात असंन वं ताई. एवढे गठ्ठे घेऊन बसली तू.”

“मग कपाट उघडा. पाहू.”

“दसऱ्याले.”

“काका, दसऱ्याला तीन महिने आहेत.”

“तीन महिन्यांनी माहे डोळे झाल्ले राहतीन. पहिल्यानं मीच पाहीन. तोवर कोणी पाहायचं नाही.” आणि किल्लीवर हात ठेवला.

काकू मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. चालताना हलक्या आवाजात म्हणाल्या, “त्या कपाटाखाली मी दोन वर्षांपासून पाहून राहिली. चांदीसारखे. कागद उचलला का पळतात.”

“मग बोलला का नाही?”

“काय बोलू? त्यायले दिसत नव्हतं, अन् बोटानं चाचपून खूश होते. आता तर डॉक्टरनं सांगतलं, ऑपरेशननंतर वाकायचं नाही, रडायचं नाही, डोळ्यावर जोर आला का टाका जाईन. तूच सांग, कधी सांगू?”

ऑगस्टमध्ये एक डोळा झाला, सप्टेंबरात दुसरा. मी दोनतीनदा भेटायला गेले. दर वेळी त्या खोलीत बसलं की माझे कान कपाटाकडे लागायचे. आवाज काही येत नाही, कसर खाते तेव्हा येत नसतोच. काका हिरवी पट्टी बांधून, कपाटाला पाठ लावून बसलेले असायचे. “आता पाह्य ताई, एकेकाच्या मिशीचा केस मोजतो.” काकू पदराने उगाच भांडी पुसत राहायच्या.

दसऱ्याला दुपारी त्यांनी मला बोलावलं. सोनं दिलं-घेतलं. काकांनी हात धुतले, पुसले, पाच मिनिटं हवेत धरले. ती पाच मिनिटं मी आणि काकूंनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मग किल्ली फिरली.

पहिलं पान चांगलं होतं. ती सुरुवातीची, पुडीतून थेट आलेली, कधी मऊ न पडलेली. काका एकेकाकडे इतक्या जवळून पाहत होते की श्वासाने पाकीट धुरकट व्हायचं. “किती निळं होतं हे,” ते म्हणाले. “मी विसरलोच होतो.”

दुसरं पान उलटलं तेव्हा भुकटी मांडीवर पडली.

ते पुढे पाहत गेले. थांबले नाहीत, घाईही केली नाही. कुठे टोपी होती, खाली चेहरा नाही. कुठे बॅट धरलेले दोन हात. एकोणतीसचा फक्त डावीकडचा काठ राहिला होता. त्यांनी भिंग काढलं, पण लावलं नाही. ते पाकीट उलटं केलं.

“पाठीपासून सुरू झाल्लं,” ते म्हणाले. मग आणखी दोन पाकिटं उलटवून, “जिथं जिथं खळ देल्ली, तिथंच.”

काकू म्हणाल्या, “आता राहू द्या जी. डोळ्याले त्रास होईन.”

“डोळे चांगले आहेत. चांगले आहेत म्हणूनच दिसून राहिलं.” आणि मला म्हणाले, “मीच जेवू घातलं त्यायले.”

चौसष्टांतली तेवीस उरली होती. मला वाटलं आता ते कोसळतील. त्यांनी वही मागितली. “ज्यायले ज्यायले देल्ली, त्यायच्या घरी मी पाठवलं हे. सगळ्यायले सांगा लागते.”

वहीत चौदा नावं होती. समोर त्यांनी नवा रकाना आखला : ‘सांगितलं.’ पुढचे दोन महिने ते फोन करत होते. काही नंबर बदललेले, कोणी पुण्याला गेलेलं, कोणी गेलेलंच. नंबर शोधायला मी मदत केली, बोलायचे तेच. दर वेळी तेच वाक्य, मान ताठ ठेवून : “मी पराते बोलतो. तुमाले म्हटलं होतं दुरुस्ती करू नका. मी स्वतः केली होती अन् तुमाले सांगतलं नव्हतं. माही दहा वेगळी काढा. दुसऱ्या कागदाजवळ ठेवू नका.” रेल्वेतले साहेब म्हणाले, काका, आमची लॅमिनेटवाली तेवढी वाचली. काका बऱ्याच दिवसांनी हसले. कुहीच्या एका मास्तरांनी मात्र फोन आपटला. त्यांच्याकडे वडिलांची पत्रं त्याच खणात होती.

अल्बम त्यांनी स्वतः डब्यात भरला आणि माझ्या फ्रीझरात ठेवायला दिला. “थंडी सरली का काढ. पहिलं कोरं पान सोडून बाकीचं एकेक कानाशी धरून टिचक. बोलते ते खळीचं, जाळ. मुकं राहते ते मीनलले दे.”

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी दहाच्या उन्हात. अंगणात खुर्ची, अंगावर शाल, मांडीवर वही. चौदाही नावांसमोर खुणा झाल्या होत्या. ते पंधराव्या रिकाम्या ओळीवर पेन्सिल टेकवून बसले होते.

“पंधरा होते, ताई.”

“चौदा आहेत काका. मी तीनदा मोजलेत.”

“एक अजून आहे. वहीत नाही आला. माह्या हातानं देल्लं, खळ देऊन. चेहरा नाही येऊन राहिला.”

“वयामुळे वाटतं असं. चौदाच आहेत.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नवे, स्वच्छ डोळे. “तू म्हणतं तर चौदा.” पण पेन्सिल उचलली नाही. मी फाटक लावून घेतलं तेव्हाही ती त्या ओळीवरच होती. चार दिवसांनी ते गेले. वही काकूंनी मला आणून दिली.

बर्फ वितळला. फ्रीझर पुसून झाला. दुकान बंद करायच्या आधी वर लिहिलेलं एकदा वाचून काढलं. खाप्याहून आलो त्या दिवसापाशी थांबले, आणि नंतर पुढे वाचलं नाही.

१० जानेवारी. सकाळी सहाला उठून लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यातून घराच्या कागदांची फाईल काढली. आमच्या घरातली सर्वांत सपाट जागा तीच. फाईल अंगणात नेऊन वर्तमानपत्रावर उघडली. सात नंबर खरेदीखताच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या पानांमध्ये होता. चेहरा पूर्ण होता, एक डागही नाही. मी तो उलटवला. पाठ नव्हती. तिसऱ्या पानावर जिथे पाठ टेकली होती तिथे चित्राएवढी जाळी पडली होती, आणि त्यात विकणाऱ्याची सही गेली होती.

फाईल पिशवीत बंद करून, मागच्या दाराने दुकानात जाऊन पुसलेल्या फ्रीझरात ठेवली. फ्रीझर सुरू केला. वकिलांना अकराला फोन करायचा आहे. काकांची वही काढली, पंधराव्या ओळीवर माझं नाव लिहिलं, पुढे सात नंबर, आणि ‘सांगितलं’च्या रकान्यात खूण करून दुकानाचं शटर वर केलं.